मराठीची पदवी आणि माईकपुढची खुर्ची

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाच्या पुरवणीत पुढील शिक्षणाच्या वाटांविषयी जी लेखमाला सुरू आहे, तिच्यात गेल्या आठवड्यात कला शाखेची पाळी आली. मराठी साहित्याच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या आणि त्यांत अध्यापन, स्पर्धा परीक्षा व भाषांतर यांच्या मागोमाग 'प्रसारमाध्यमे' असा एकच शब्द होता. त्या एका शब्दात माझी चोवीस वर्षे गेली आहेत, तेव्हा तो उलगडून सांगण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबेल याची कल्पना आहे. काटछाट करण्याचा आपला हक्क मला मान्य आहे, कारण तेच काम मी पगार घेऊन बरीच वर्षे केले आहे.

मी देवगड तालुक्यातली. २००१ साली मराठी विषय घेऊन एम.ए. झाले, तेव्हा शेजारच्या काकींनी अंगणातूनच विचारले होते, 'मराठी घेवन आता काय करतलंस गो?' प्रश्न मायेने विचारलेला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. बी.एड. करावे, संस्थेत चिकटावे, नाहीतर लग्न करावे, एवढ्याच वाटा घरात बोलल्या जात होत्या. त्याच सुमारास आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक हवे असल्याची सूचना एका मैत्रिणीने दाखवली. आधी लेखी परीक्षा, तीत उत्तीर्ण झालेल्यांची ध्वनिचाचणी, आणि मग निवड झालेल्यांना थोडे प्रशिक्षण अशी ती रीत आहे. लेखी परीक्षेत सामान्यज्ञानाबरोबर भाषा, साहित्य, संगीत यांवर प्रश्न असतात. तो भाग मला सोपा गेला, कारण पाच वर्षे तेच वाचले होते. ध्वनिचाचणीत मात्र मी सपशेल आपटले.

त्या चाचणीत एक बातमीपत्राचा उतारा होता, एक कविता होती, एक नाट्यप्रवेशाचा तुकडा होता आणि गायक, संगीतकार व रागांच्या नावांची एक यादी होती. बातमी मी वर्गात उत्तर सांगावे तशी एका दमात वाचली. कविता रडल्यासारखी वाचली, कारण कविता म्हणजे भावना असा माझा समज होता. नावांच्या यादीत हिंदी-उर्दू उच्चारांची पार दाणादाण उडाली. परीक्षकांपैकी एका वयस्कर बाईंनी बाहेर आल्यावर मला थांबवून विचारले, 'तुम्ही मराठी घेऊन एम.ए. केलंत ना? मग मोठ्याने वाचायची सवय कशी नाही?' मला तेव्हा राग आला. घरी परतताना एसटीत आठवून पाहिले, तर पदवीच्या तीन आणि पदव्युत्तरच्या दोन अशा पाच वर्षांत एकाही प्राध्यापकांनी मला एकही पान मोठ्याने वाचायला सांगितले नव्हते. कादंबऱ्यांवरच्या टिपा लिहून घेतल्या, कवितेची रसग्रहणे पाठ केली, परीक्षेला मार्गदर्शके वापरली. जी भाषा मुळात कानासाठी जन्मली, ती आम्ही पाच वर्षे केवळ डोळ्यांनी शिकलो. माझ्या महाविद्यालयाचे नाव मी येथे घेत नाही. आजूबाजूच्या बहुतेक महाविद्यालयांत हेच चालत होते आणि आजही फारसे निराळे चालत असेल असे मला वाटत नाही.

पुढचे वर्षभर मी रोज सकाळी आपलेच दैनिक अर्धा तास मोठ्याने वाचत असे. आई स्वयंपाकघरातून ऐके आणि जिथे तिला अर्थ लागत नसे तिथे 'काय म्हणालीस?' असे विचारे. पुढे मला पुष्कळ प्रशिक्षण मिळाले, पण त्या प्रश्नाइतके उपयोगी दुसरे काही नव्हते. दुसऱ्या वेळी माझी निवड झाली.

येथे पदवीने मला काय दिले ते सांगायला हवे, कारण आपल्या लेखमालेच्या वाचकांना नेमके तेच हवे असणार. सर्वांत कंटाळवाणा वाटलेला विषय सर्वांत आधी कामाला आला, तो म्हणजे भाषाविज्ञान. मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, हे मी परीक्षेपुरते घोकले होते. विश्व या अर्थाचा 'जग' आणि जिवंत राहा या अर्थाचा 'जग' लिहायला एकच, बोलायला दोन. लिपी ते दाखवत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाक्याचा अर्थ ओठ उघडण्यापूर्वीच कळलेला असावा लागतो. माईकपुढे हा फरक चुकला तर श्रोता क्षणभर अडखळतो, आणि तो अडखळेपर्यंत पुढचे वाक्य निघून गेलेले असते. छापील मजकुरात वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. रेडिओच्या श्रोत्याला ती सोय नाही.

याच मुद्द्याला लागून मराठी वाक्यरचनेची एक अडचण आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'मुसळधार पावसामुळे काल रात्री दरड कोसळल्याने वाहतूक ठप्प झालेल्या परशुराम घाटातील माती हटवण्याचे काम युद्धपातळीवर सुरू करण्यात आले असून' असे वाक्य वर्तमानपत्रात चालून जाते, पण ऐकणारा माणूस 'असून'पर्यंत पोहोचतो तेव्हा घाट बंद आहे की चालू, हे त्याला अजून कळलेले नसते. आणि चिपळूणला निघालेल्या माणसाला तेवढेच हवे असते. 'परशुराम घाटात दरड कोसळली आहे. वाहतूक थांबवली आहे. माती हटवण्याचे काम सुरू आहे.' ही तीन वाक्ये कोणालाही लिहिता येतील असे वाटते, पण प्रत्यक्षात ती लिहिणारी माणसे मी फार थोडी पाहिली. ज्यांना ती जमत, त्यांतले बहुतेक जण कविता किंवा नाटक मनापासून वाचलेले होते. कवितेची ओळ कुठे मोडायची याचा विचार ज्याने केला आहे, त्याला श्वास कुठे घ्यायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही. (हे पत्र छापण्यासाठी आहे म्हणून माझी वाक्ये येथे लांबली आहेत. हेच मला माईकवर सांगायचे असते तर निम्म्यात संपवले असते.)

आपल्याकडची एक गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. तळकोकणात देवासमोर जे गाऱ्हाणे घातले जाते, ते घालणारा माणूस बहुधा कधी महाविद्यालयात गेलेला नसतो. तरीही 'बा देवा म्हाराजा' म्हणून तो सुरू करतो तेव्हा एका आवाजात सगळा गाव बांधून घेतो, प्रत्येक मागणे एका श्वासात बसेल एवढेच ठेवतो, आणि लोकांचे 'व्हय म्हाराजा' कुठे पडायचे तेथेच थांबतो. दशावतारातला नट तर लिहिलेल्या संहितेशिवाय रात्र काढतो. कथानक ठाऊक असते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात कानातले यंत्र अचानक बंद पडते आणि समोरच्या पडद्यावरचा मजकूर नाहीसा होतो, तेव्हा निवेदकाकडून नेमके हेच अपेक्षित असते. आमच्या एम.ए.च्या वर्गात लोकसाहित्याचा स्वतंत्र पेपर होता, त्यात दशावताराचे स्वरूप, विशेष आणि मर्यादा होत्या. पण गावाच्या जत्रेत रात्रभर चाललेला दशावतार आणि तो पेपर यांचा काही संबंध आहे, असे आम्हाला कोणी सुचवले नाही. मुलांना आपल्या बोलीतल्या हेलाची लाज वाटते, ती बाजूला ठेवून या मंडळींचे नुसते थांबणे जरी त्यांनी ऐकले तरी ध्वनिचाचणीची निम्मी तयारी होईल. हेलाविषयी एवढेच सांगते, की तो सरावाने सहा महिन्यांत आवरता येतो आणि हवा तेव्हा परत आणता येतो. शब्दांची जाण सहा महिन्यांत येत नाही.

साहित्याची माणसे नभोवाणीवर गेली हे काही नवे नाही. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, म्हणजे १९५२ ते १९६२ या काळात, लेखक आणि कलावंतांना निर्माते म्हणून आकाशवाणीत आणण्याची पद्धत रूढ झाली. पु. ल. देशपांडे महाविद्यालयात शिकवून मग आकाशवाणीत आले, आणि दिल्लीत १९५९ साली दूरदर्शन सुरू झाल्यानंतर पंडित नेहरूंची त्यावर पहिली मुलाखत घेणारे तेच. आपल्या वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर मराठीचे एम.ए., मराठीचे प्राध्यापक, आणि पुढे काही वर्षे मुंबई आकाशवाणीचे निर्माते होते. मात्र याच यादीत व्यंकटेश माडगूळकरही आहेत, ज्यांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते आणि ज्यांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे केले. तेव्हा पदवीचा कागद दाखवला की दार उघडते असे मी कोणालाही सांगणार नाही. पदवीच्या निमित्ताने जे वाचायचे असते ते खरोखर वाचले, तर दाराशी उभे राहण्याचे बळ येते.

आता व्यवहाराचे बोलते, कारण पालकांचा खरा प्रश्न तोच असतो. आकाशवाणीत कायम उद्घोषकांची भरती वर्षानुवर्षे जवळजवळ थांबलेली आहे. जे काम मिळते ते नैमित्तिक, म्हणजे महिन्याला साधारण सहा ड्युट्यांचे. सकाळची पहिली सभा, म्हणजे प्रसारणाचा पहिला टप्पा, सहाच्या आत सुरू होत असल्याने मी आदल्या दिवशीच्या एसटीने जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करीत असे, आणि भाडे वजा जाता हातात जे उरे त्याला पगार म्हणणे कठीण होते. तरीही ती सहा वर्षे मी वाया गेली असे मानत नाही. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद, पाहून सेकंदांचा हिशेब ठेवणे, एखादे ध्वनिमुद्रण ऐन वेळी मिळाले नाही तर तीन मिनिटे अर्थपूर्ण बोलून काढणे, चूक झाली तर ती न लपवता लॉगबुकात लिहिणे, हे मी तेथे शिकले. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात आंब्यावरच्या तुडतुड्यांविषयी कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना प्रश्न विचारताना, आपल्या वडिलांना समजेल असा प्रश्न कसा करावा, हेही तेथेच कळले.

आकाशवाणीतच आणखी दोन वाटा आहेत, ज्यांची माहिती आपल्याकडच्या मुलांना फारशी नसते. प्रादेशिक वृत्तविभागांना बातम्यांचा अनुवाद करून त्या वाचणारी माणसे नैमित्तिक तत्त्वावर लागतात, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत अंशकालीन बातमीदार नेमले जातात. पहिल्या कामात इंग्रजी मजकूर समोर येतो आणि दहा मिनिटांत तो मराठीत, तोही बोलण्याच्या मराठीत, उतरवायचा असतो. येथे मराठीच्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी लागते, कारण आपण इंग्रजीकडे पाठ फिरवून मराठी घेतो. मला हे काम सुरुवातीला जमले नाही ते मराठी कच्चे होते म्हणून नव्हे, इंग्रजी कच्चे होते म्हणून. जी मुलगी मराठी घेणार आहे तिने इंग्रजी सोडू नये, हा सल्ला मी हात जोडून देते.

२००७ च्या आसपास मराठीत वृत्तवाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या आणि २००८ मध्ये मी मुंबईला गेले. एका वाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या लिहून प्रक्षेपणासाठी तयार करणाऱ्या विभागात, नऊ वर्षे काम केले. बाहेरच्या लोकांना दूरचित्रवाणी म्हणजे पडद्यावरचा चेहरा वाटतो. प्रत्यक्षात त्या एका चेहऱ्यामागे लिहिणाऱ्यांची रांग असते: निवेदकाने म्हणायच्या तीन-चार ओळी लिहिणारे, दीड मिनिटाच्या वृत्तांतासाठी चित्राबरोबर जाणारा मजकूर लिहिणारे, तो आवाज देणारे, पडद्याखालची धावती पट्टी लिहिणारे, आणि हे सगळे कोणत्या क्रमाने जाईल तो रनडाउन लावणारे. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द जातात, म्हणजे दीड मिनिटात दोनशेही नाहीत. कथा कशी सुरू करावी, कोणता तपशील राखावा, कोणता टाकावा, हे ज्याने चांगल्या लघुकथा वाचून पाहिले आहे त्याचा वृत्तांत वेगळा उठून दिसतो. चित्रात पूर दिसत असताना 'आपण पाहू शकता, येथे पूर आला आहे' असे लिहिणारा माणूस बहुधा काहीच वाचत नसतो. डेस्कवर माझ्याबरोबर माध्यमांची पदवी घेतलेली मुले होती. त्यांना कॅमेरा, संकलन, मांडणी यांची माहिती माझ्याहून कितीतरी अधिक होती आणि पहिली दोन वर्षे मी त्यांच्याकडूनच शिकले. तिसऱ्या वर्षापासून तीच मुले एखाद्या शब्दासाठी माझ्या खुर्चीपाशी येऊ लागली.

शब्दावरून माझे एकदा मोठे भांडण झाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. हवामान विभागाचा इशारा दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाचा होता. हे शब्द तो विभाग मोजून वापरतो: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पर्जन्यमापक केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि 'अतिमुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. आमच्या पट्टीवर मात्र 'कोकणात ढगफुटी होणार' असे गेले. ढगफुटी म्हणजे एका लहानशा टापूत तासाभरात शंभर मिलिमीटरच्या घरात पाऊस. त्या इशाऱ्यात तसे काहीच नव्हते. मी ती पट्टी बदलायला लावली आणि वरिष्ठांनी मला 'साहित्यिक' म्हणून हिणवले, शब्दांत अडकणारी या अर्थाने. त्यांना बहुधा माहीत नव्हते, की किनाऱ्यावरची माणसे हे शब्द आमच्याहून काळजीपूर्वक ऐकतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे देवगडच्या खलाशाला सांगावे लागत नाही. वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर म्हटले आणि झोत ६५ पर्यंत म्हटले, यांतला फरक त्याच्या होडीचा आणि जिवाचा असतो. दर पावसात 'महाभयंकर' ऐकून ज्याचे कान बधिर झाले, तो खऱ्या इशाऱ्याच्या दिवशीही समुद्रात जाईल.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा मी गावी परतलेली होते. वीज गेली ती काही दिवस आलीच नाही, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि ज्या वाहिन्यांत मी नऊ वर्षे घालवली त्यांतली एकही आमच्या घरात दिसेना. माळ्यावरचा सेलवर चालणारा रेडिओ काढला. वाडीतली आठ-दहा माणसे पडवीत बसून बातम्या ऐकत होती. त्या दिवशी निवेदकाने शांतपणे, आवाज न चढवता, तालुक्यांची नावे नीट उच्चारून माहिती वाचली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात, दापोलीकडे असलेल्या माझ्या बहिणीनेही असाच अनुभव सांगितला होता. ज्याला कोणी ग्लॅमर म्हणणार नाही असे ते काम आहे. मला मात्र ते या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्यासाठी स्थानिक नावे, नद्या, बंदरे, बोली माहीत असलेलीच माणसे हवीत. जगबुडी खेडची, वाशिष्ठी चिपळूणची, हे मुंबईच्या डेस्कवर बसलेल्या माणसाला नकाशा उघडून पाहावे लागते.

आजच्या मुलांसाठी आणखी काही वाटा झाल्या आहेत, त्यांविषयी थोडक्यात लिहिते. ऑडिओबुकांना वाचक-आवाज लागतात. मी सध्या देवगडला घरीच एका खोलीत गोधड्या टांगून ध्वनिमुद्रण करते आणि त्यावर माझे बरे चालते. इतर भाषांतल्या मालिकांचे मराठी डबिंग होते, त्यात ओठांच्या हालचालीला जुळेल असा मराठी शब्द शोधणारा लेखक लागतो. पॉडकास्ट कोणीही सुरू करू शकतो, पण त्यावर पोट भरणारे मी फार पाहिलेले नाहीत, म्हणून त्याची जाहिरात करीत नाही. खासगी एफएमवर मुलाखतीला जाणाऱ्यांनी एवढे जाणून असावे, की त्या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि कोकणच्या बहुतेक तालुक्यांत त्यांचा आवाज पोहोचतही नाही.

सामुदायिक रेडिओविषयी, म्हणजे एखाद्या लहान भागासाठी तिथल्याच संस्थेने चालवलेल्या केंद्राविषयी, मात्र थोडे अधिक लिहायला हवे. शिक्षणसंस्थांना असे केंद्र चालवण्याची परवानगी २००२ पासून मिळू शकते आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आणि साताऱ्यातील म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही आपल्या राज्यातली उदाहरणे आहेत. शंभर वॉटचे प्रक्षेपण, उंचीची मर्यादा असलेला मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असावेत अशी अट. आपल्याकडे डोंगर आडवे येतात, तेव्हा तो टप्पा कागदावरच्याहून कमीच भरेल हे मी जाणते. खर्चाचा आणि परवान्यांच्या कागदपत्रांचा व्याप लहान महाविद्यालयाला झेपणारा नाही, असेही अनेक प्राचार्य म्हणतील आणि ते अगदीच खोटे नाही. पण कोकणच्या पाच-सहा महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकत्र येऊन एक केंद्र चालवावे, आंबा आणि काजूच्या हंगामाचे, मासेमारीबंदीच्या १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांचे, नमन-खेळ्यांचे, दशावताराचे कार्यक्रम विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे आणि वाचावे, हे स्वप्न मला अशक्य वाटत नाही. तोपर्यंत बिनखर्चाची गोष्ट आहेच: पदवीच्या प्रत्येक वर्षी मराठीच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचावे, इतरांनी पुस्तक मिटून ऐकावे, आणि न कळले तिथे माझ्या आईसारखे 'काय म्हणालास?' असे विचारावे. याला अनुदान लागत नाही. प्राध्यापकांनी मात्र टिपा सांगणे तासभर थांबवायला हवे.

देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव माझ्या घरापासून फार लांब नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री शिकवण्याचेही काम करीत होते, आणि भाषा शिकवणे व लोकांपर्यंत बातमी नेणे ही दोन वेगळ्या इमारतींतली कामे आहेत असे त्यांना वाटले नसावे. दरवर्षी त्या दिवशी आपण पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणे करतो. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी वाचनाची आणि बातमीलेखनाची एखादी कार्यशाळा झाली, तर मी स्वखर्चाने येऊन शिकवीन. आमच्यासारखी आणखीही काही माणसे किनाऱ्यावर परतलेली आहेत, तीही येतील.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या, वृत्तनिवेदकांच्या आणि अंशकालीन बातमीदारांच्या निवडीच्या सूचना निघतात, तेव्हा त्या प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर आणि केंद्रांच्या फलकांवर लागतात. रत्नागिरी शहरातल्या मुलाला त्या कदाचित दिसतील. विजयदुर्गच्या, आचऱ्याच्या किंवा दोडामार्गच्या मुलीला बहुधा मुदत संपल्यावरच कळतात. मला मैत्रिणीने दाखवली नसती तर मलाही कळली नसती. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आवृत्त्यांत महिन्यातून एकदा, भरतीच्या पानावर कोपऱ्यात का होईना, या सूचना शेवटच्या तारखेसह छापाव्यात. शेजारच्या काकींची नात यंदा बारावी झाली असून ती मराठी घेण्याच्या विचारात आहे, आणि प्रश्न आता तिला विचारला जात आहे. तिच्यासाठी ते कात्रण मी कापून ठेवीन.

आपली नम्र,
एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग